शिवणाच्या खोलीत ठरलेल्या गोष्टी

समुपदेशनाची खोली कुठे असावी, या एका प्रश्नाने आदिवासी तरुणांच्या मानसिक आरोग्याच्या आमच्या कामाचा सगळ्यांत जास्त वेळ घेतला. बडवानी जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, बारेला समाजाच्या एका गावात बैठक होती. इंदूरहून आम्ही दोघी आणि एक मानसोपचारतज्ज्ञ गेलो होतो. कुणी म्हणालं, पंचायत भवन रिकामंच असतं, तिथे बसा. लगेच मागून आवाज आला, तिथे पोलीस येऊन बसतात, पोरं फिरकणार नाहीत. कुणी उपकेंद्राचं नाव काढलं. शाळेचं निघालं, अंगणवाडीचं निघालं. प्रत्येक जागेला पाठिंबा होता आणि प्रत्येक जागेवर हरकतही होती. मग गावच्या पटेलांची म्हातारी आई, जी इतका वेळ दाराशी बसून ऐकत होती, तिने विचारलं, "पोरगी तिथून बाहेर पडली आणि कुणी विचारलं, कशाला गेली होतीस, तर ती काय सांगणार?"

या प्रश्नापुढे सगळ्या जागा बाद झाल्या. उपकेंद्रातून लग्न न झालेली मुलगी बाहेर पडली तर गाव काय बोलेल, हे सांगायला नको. शाळेत मास्तर. अंगणवाडीत सतत बायकांची ये-जा. शेवटी एका मुलीने सुचवलं, "माझ्या मशीनच्या खोलीत." ती गावात ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायची. मापं द्यायला वेळ लागतो, दार ओढून घेतलं तरी कुणाला वावगं वाटत नाही, आणि बाहेर पडताना हातात कपडा असतो. कशाला गेली होतीस, याचं उत्तर त्या कपड्यातच होतं.

मुलांसाठीची जागा मुलांनीच सांगितली, आणि ती आम्हा शहरातल्या कुणाच्या डोक्यात कधीच आली नसती. रब्बीच्या दिवसांत शेतीची वीज बऱ्याचदा रात्री येते. गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला घरातला तरुण मुलगा शेतावर जागतो. मोटर चालू असते, थंडी असते, शेकोटी असते आणि पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जाईपर्यंत करायला काहीच नसतं. मुलं म्हणाली, आम्ही बोलतो ते तिथेच. म्हणून गावातले जे तरुण 'साथी', म्हणजे ऐकून घेणारे मदतनीस, म्हणून तयार झाले, त्यांचं काम संध्याकाळनंतर सुरू व्हायचं. त्यांच्या मानधनाच्या कागदावर 'कामाची वेळ : १० ते ५' असं छापलेलं होतं. तो कागद बदलून घेण्यासाठी झालेला पत्रव्यवहार एक अख्खी फाईल भरेल एवढा आहे.

इंदूरच्या वाचकाला हे सगळं कुठेतरी दूर, डोंगरात चालल्यासारखं वाटेल, म्हणून थोडं अंतर सांगते. झाबुआ किंवा बडवानी इथून साधारण दीडशे किलोमीटर. गंगवाल बसस्थानकावर सकाळी उभं राहिलं की धार-झाबुआकडच्या बसमधून हेच तरुण उतरताना दिसतात. २०११च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात दीड कोटींहून अधिक आदिवासी आहेत, म्हणजे दर पाच माणसांमागे एक. अलीराजपूरमध्ये हे प्रमाण ८९ टक्क्यांच्या आसपास, झाबुआत ८७, बडवानीत ६९, धारमध्ये ५६. भिल्ल, भिलाला, बारेला, पटलिया असा हा समाज इंदूरच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला पसरलेला आहे. त्यांच्यासाठी मोठ्या इलाजाचं गाव इंदूरच. बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय इथे आहे, महाराजा यशवंतराव रुग्णालय इथे आहे. पण बाणगंगेपर्यंत पोचणारं कुटुंब आधी बडव्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, मग दुसऱ्या बडव्याकडे, मग तालुक्याच्या इंजेक्शन देणाऱ्याकडे जाऊन, शेळ्या विकून, कर्ज काढून येतं. तोवर आजाराला कधी कधी वर्षं होऊन गेलेली असतात. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशपातळीवर असं दिसलं की आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळतच नाहीत. सातपुड्यात काय असेल, त्याचा अंदाज त्यावरून करावा.

शिवणाची खोली सुचवणारी ती मुलगी काही महिने इंदुरात राहून शिवण शिकून गेली होती. ही वाट या भागात जुनी आहे. १९८५ साली बहाई समाजाच्या मंडळींनी इंदुरात ग्रामीण स्त्रियांसाठी निवासी प्रशिक्षण संस्था सुरू केली, तीच पुढे बरली संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. डॉ. जनक पलटा मगिलिगन आणि उत्तर आयर्लंडहून आलेले त्यांचे पती जिमी यांनी ती वर्षानुवर्षं चालवली. आदिवासी पाड्यांवरून मुली यायच्या. अक्षर, शिवण, शेती, आरोग्य शिकून परत जायच्या. झाबुआ जिल्ह्यात तेव्हा नारूचा रोग होता. पाण्यातून शरीरात जाणारा आणि पायातून बाहेर पडणारा तो जंत ज्यांनी पाहिला आहे, ते विसरू शकत नाहीत. पाणी गाळून प्या, विहिरीत उतरून पाणी भरू नका, हे सरकारी भिंतींवर लिहिलेलं होतंच. पण ते घरात शिरलं या मुलींच्या तोंडून. ३०२ गावांतून नारू हटवण्यातल्या या कामासाठी १९९२ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 'ग्लोबल ५००' सन्मान मिळाला. जनकदीदींना पुढे २०१५ साली पद्मश्री मिळाली. मानसिक आरोग्याच्या कामात मी हे उदाहरण सारखं देते. अठरा-वीस वर्षांची आदिवासी मुलगी एका रोगाबद्दल आपल्या फळियात, म्हणजे वस्तीत, ठामपणे बोलू शकते आणि लोक तिचं ऐकतात, हे इंदूरला तीसहून अधिक वर्षांपूर्वीच कळून चुकलेलं आहे. मग झोप न येणं, सारखं रडू येणं, जीव नकोसा होणं, याबद्दल ती बोलू शकणार नाही, असं आपण कशावरून धरून चालतो?

आता वेळापत्रकाचा किस्सा. कुठल्याही प्रकल्पाला वर्षाचा आराखडा द्यावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली, रस्ते कोरडे, म्हणून सगळी शिबिरं शहरातली माणसं तेव्हाच घालतात. गावातल्या साथींनी आराखडा हातात घेतला आणि दिवाळीनंतरच्या महिन्यांवर सरळ आडवी रेघ मारली. या दिवसांत अर्धं गाव गुजरातमध्ये असतं. सुरतेला बांधकामावर, मोरबीला, राजकोटकडच्या शेतांत भागिया, म्हणजे वाट्याने शेती करणारे, म्हणून. मागे राहतात म्हातारे, लहान मुलं आणि पाण्याची सोय असलेली मोजकी घरं. सगळे परततात ते होळीच्या आधी, भगोरियाला. भगोरियाचा आठवडा म्हणजे ढोल, पान, नवे कपडे, प्रत्येक हाटाचा ठरलेला वार. साथींचं म्हणणं असं, की मुलं सगळ्यांत खूश याच आठवड्यात असतात आणि सगळ्यांत जास्त तुटतातही याच्याच आगेमागे. परगावी काय सोसलं ते घरी सांगता येत नाही. आणलेले पैसे आधीच्या उचलीत वळते होतात. ज्या मुलीशी लग्न करायचं तिच्या बापाने सांगितलेला दापा, म्हणजे वधूमूल्य, हाताबाहेरचा असतो. त्यामुळे भगोरिया संपल्यावरचे पंधरा दिवस साथींनी लाल पेनाने रंगवले. त्या दिवसांत प्रत्येक साथीने आपापल्या फळियात राहायचं, कुठेही जायचं नाही, असा नियम त्यांनीच स्वतःला घालून घेतला. कुठल्याही पुस्तकात हा नियम सापडणार नाही, पण या भागात मानसिक आरोग्याचं काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो आधी शिकावा असं मला वाटतं.

लोकांनाच विचारण्याचं हे शहाणपण नवं नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी ते आपल्याआधी केलं. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, असं त्यांनी लोकांनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, आपल्या माणसांना सोबत राहू देत नाहीत, आणि डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, पांढऱ्यात तर आम्ही मेलेल्याला गुंडाळतो, असं लोकांनी सांगितलं. दवाखान्यात देव नाही, हेही सांगितलं. मग त्यांच्या शोधग्राम या संस्थेच्या आवारात लोकांच्या घरांसारख्या झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. याच मंडळींनी आधी सिकलसेलवर संशोधन केलं होतं. संशोधन उत्तम होतं, पण लोकांना तो आपला प्रश्न वाटला नव्हता. पुढे देवीच्या जत्रेला जमणाऱ्या लोकांनीच आरोग्याचे प्रश्न ठरवायचे, अशी रीत पडली आणि मलेरिया पुढे आला. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने २०१८ साली आदिवासी आरोग्यावरचा अहवाल दिला. त्यातल्या दहा ठळक प्रश्नांमध्ये व्यसन आणि मानसिक आरोग्य हा एक आहे, आश्रमशाळांतल्या मुलांचं आरोग्य हा आणखी एक. माझ्या मते तरुणांच्या संदर्भात हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत.

बडव्याबद्दल सांगितल्याशिवाय हा विषय पुढे जाणार नाही. शहरात लोक मला पहिला प्रश्न तोच विचारतात, अंधश्रद्धेचं काय करता? गावातल्या साथींनी आम्हाला बजावलं होतं, बडव्याला न भेटता काम सुरू केलंत तर पहिल्या महिन्यातच बंद पडेल. भेट झाली ती त्याच्या अंगणात, खाटेवर. त्याने आमच्या डॉक्टरांना बराच वेळ निरखलं आणि विचारलं, "तुमच्या गोळीने झोप येते. झोपेतून उठल्यावर माणसाचं भांडण मिटलेलं असतं का?" डॉक्टर म्हणाले, नाही. बडवा म्हणाला, मग ते कोण मिटवणार? डॉक्टरांनी तितक्याच सरळपणे विचारलं, तुमच्या धाग्याने फेफरं थांबतं का? बडवा गप्प राहिला, मग म्हणाला, काहींचं थांबतं, काहींचं नाही. त्या दिवशी त्याच अंगणात ठरलं ते असं. फेफरं, सलग रात्री न झोपणारा, आपल्याशीच बडबडणारा, मरणाची भाषा करणारा, यांना बडवा आपला विधी करून लगेच साथींकडे पाठवेल. आणि साथी कुणालाही बडव्याकडे जाऊ नको म्हणणार नाहीत.

हे पहिल्यांदाच घडलं असं नव्हे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर २००८पासून 'दवा-दुआ' नावाचं काम चालू आहे. दर्ग्याचे मुजावर दुआ देतात आणि रुग्णाला तिथल्याच डॉक्टरांकडे पाठवतात. पण एका बाबतीत मी ठाम आहे, आणि बैठकीतही ठाम होते. भागीदारी म्हणजे सगळ्याला मान डोलावणं नव्हे. एखाद्या बाईला डाकण, म्हणजे चेटकीण, ठरवणं, एखाद्या मुलाला साखळीने बांधणं, डाग देणं, यात तडजोड नाही. हे मी बोलले तेव्हा बडव्याआधी पटेलांच्या आईने मान हलवली. डाकण म्हटल्या गेलेल्या बाईचं काय होतं, हे तिने आमच्यापेक्षा जास्त पाहिलं होतं.

आता एक अवघड गोष्ट. 'समाजाबरोबर काम' असं आपण सहज म्हणतो. समाज म्हणजे कोण? पुरुषांच्या बैठकीत एकमताने निष्कर्ष निघाला की पोरांच्या सगळ्या दुखण्याचं मूळ मोबाइल आहे. मुली शांत बसल्या होत्या. दोन दिवसांनी शिवणाच्या खोलीत वेगळंच बाहेर आलं. मोबाइल हिसकावून घेतला म्हणून मैत्रिणीशी बोलता येत नाही, वसतिगृहात शिकत होते तिथून लग्नासाठी परत आणलं, भाऊ दारू पिऊन मारतो आणि भांजगडीत त्याचा दंड भरला की प्रकरण मिटतं, माझं मिटत नाही. भांजगडी म्हणजे या समाजाची तंटे मिटवायची रीत. पंच बसतात, दोन्ही बाजू ऐकतात, दंड ठरवतात, खून-मारामारीचा सूडसुद्धा त्यातून थांबतो. तिचं मोल मोठं आहे. मध्य प्रदेशात १५ नोव्हेंबर २०२२पासून लागू झालेल्या पेसा, म्हणजे आदिवासी भागांतल्या पंचायतींच्या कायद्याच्या, नियमांनी ग्रामसभेला शांतता आणि तंटा निवारण समिती नेमायचा अधिकार दिला, तो याच परंपरेला जवळचा आहे. पण पंच पुरुष असतात. म्हणून मुलींनी आपली एक अट घातली, की शिवणाच्या खोलीत बोललेलं कुठलंही प्रकरण त्यांना विचारल्याशिवाय भांजगडीत न्यायचं नाही. आधी पटेलांच्या आईने बापाशी बोलायचं. ही अट पुरुषांच्या बैठकीत मांडली गेली तेव्हा आवाज चढले, दोघे उठून गेले. पटेलांनी आईकडे पाहिलं. तिने हो म्हटलं आणि अट मान्य झाली. समाजाचा एकच आवाज असतो असं समजून जो काम करायला जातो, तो त्या समाजातल्या सगळ्यांत दबलेल्या माणसाला आणखी दाबतो, हे माझं आजचं मत आहे.

याच मुलींनी नोंदवहीही बदलली. वहीत नाव, वय, फळिया, बापाचं नाव असे रकाने होते. निधी देणाऱ्यांना आकडे हवे असतात, त्यात गैर काही नाही. पण ज्या गावात दोनशे घरं आहेत तिथे फळिया आणि वय लिहिलं की नाव लिहायची गरजच उरत नाही. मुलींनी सगळेच रकाने काढायला लावले. राहिला फक्त क्रमांक, आणि पुढे 'पुन्हा भेटायचं का' हा प्रश्न. या वहीवरून इंदूरच्या कार्यालयात बराच वाद झाला, पण वही तीच राहिली.

गावातल्याच माणसांच्या हाती काम देण्याचा विषय निघाला की नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्याची आठवण येते. कोकणा, महादेव कोळी, वारली वस्तीच्या ४१ गावांमध्ये २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' हा प्रयोग झाला. गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला, धीर द्यायला, गरज पडली तर पुढे पाठवायला शिकवलं गेलं. त्यांच्या हातात मोबाइल होते आणि मोबाइलमध्ये छोट्या फिल्म. बेरोजगारी, दारू, घरातली मारहाण अशा विषयांवरच्या. त्या एकाच्या मोबाइलवरून दुसऱ्याच्या मोबाइलवर जायच्या. मला त्या प्रयोगातली सगळ्यांत मोलाची वाटते ती दुसरीच बाब. पेन्शन, रोजगार हमी, अपंगत्वाचा दाखला, या सरकारी योजना मिळवून देणं हाही मनाच्या कामाचाच भाग धरला गेला. पुढे हाच प्रयोग गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर झाला आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१च्या मार्गदर्शिकेत त्याची दखल घेतली.

दाखल्याचं महत्त्व मला अलीराजपूरकडच्या एका मुलाने शिकवलं. त्याचा बाप गोध्र्याच्या बाजूला दगड दळायच्या कारखान्यात मजुरीला गेला होता. परत आला तो छातीत धूळ घेऊन. सिलिकोसिसने अलीराजपूर, झाबुआ आणि धारमध्ये किती घरं रिकामी केली याची मोजदाद संघटनांनी वर्षानुवर्षं केली, लढा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१६ साली २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला झाला. हा मुलगा त्या यादीबाहेरचा. बाप गेल्यावर तो कुणाशी बोलेना, शाळा सुटली, दिवसभर पडून राहायचा. साथीने त्याच्याशी मनाबद्दल बोलणं सुरू केलं तर तो तोंड फिरवायचा. मग साथीने विचारलं, बाबांचे दवाखान्याचे कागद आहेत का घरात? दोघांनी मिळून पत्र्याची पेटी उपसली, एक्स-रे काढले, कारखान्याचा गेटपास मिळाला. फाईल तयार करायला काही आठवडे गेले. त्या आठवड्यांत मुलगा रोज आंघोळ करून, केस विंचरून साथीबरोबर तहसीलला जायचा आणि वाटेत बापाबद्दल बोलायचा. फाईलचं पुढे काय होईल ते सरकार जाणे. मुलगा पुन्हा शाळेत गेला.

जगात दुसरीकडे काय सापडलं, हेही पाहू. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सुमारे दोनशे मूळनिवासी समुदाय आहेत. मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंद यांनी तिथल्या तरुणांच्या आत्महत्यांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध केला. बाहेरून सगळे म्हणत, आदिवासी तरुणांत आत्महत्या फार. आकडे समुदायवार मांडल्यावर चित्र वेगळंच निघालं. निम्म्याहून अधिक समुदायांत अभ्यासाच्या काळात एकाही तरुणाने आत्महत्या केलेली नव्हती. सगळं ओझं थोड्या समुदायांवर होतं. मग त्यांनी पाहिलं, फरक कशाने पडतो. जिथे जमिनीच्या हक्कासाठी दावा लावलेला होता, स्वशासन होतं, शाळा आणि आरोग्यसेवा समुदायाच्या हातात होत्या, संस्कृतीसाठी स्वतःची वास्तू होती, तिथे तरुण जगत होते. यांतल्या जितक्या गोष्टी अधिक, तितक्या आत्महत्या कमी. पुढच्या एका अभ्यासात भाषेचंही तेच दिसलं. जिथे बहुसंख्य लोक आपली भाषा बोलत होते, तिथे तरुण वाचले होते.

हे मी साथींना सांगितलं तेव्हा एकाने लगेच झाबुआच्या हलम्याचं नाव काढलं. एखाद्यावर संकट आलं की तो हलमा बोलावतो आणि गाव मजुरी न घेता त्याच्या कामाला येतं. शिवगंगा संस्थेच्या महेश शर्मांनी हीच रीत जागवून हाथीपावा टेकडीवर हजारोंच्या हातांनी पाण्याचे चर खोदवले. त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. साथीचा प्रश्न होता, घर शाकारायला हलमा बोलावता येतो, मग मन कोसळलं तर का नाही? त्यांनी तो बोलावलाही. एका घरातला तरुण मुलगा वारला होता, आई जेवत नव्हती, निंदणी राहिली होती. फळियातल्या बायका-पोरांनी दोन दिवसांत शेत निंदून दिलं आणि दुपारी त्या आईला मध्ये बसवून सगळे जेवले. तिथेच ठरलं की फवारणीचं औषध घरात खाटेखाली ठेवायचं नाही. तमिळनाडूत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांच्या गटाने गावात एका ठिकाणी कुलूपबंद पेट्यांत औषधं ठेवण्याचा प्रयोग केला होता आणि आत्महत्या रोखायला त्याचा उपयोग दिसला होता. इथे पेटी कुणाच्या अंगणात आणि किल्ली कुणाकडे, यावर चर्चा झाली. किल्ली दोघींकडे गेली. त्यातली एक कोण, हे वाचकांनी ओळखलं असेल.

महाराष्ट्राच्या सीमेची अडचण मात्र अजून सुटलेली नाही. बारेला आणि पावरा ही नात्यागोत्याची माणसं. सेंधव्याची मुलगी शिरपूर किंवा चोपड्याला दिली जाते. बिजासन घाट उतरला की राज्य बदलतं, दवाखाना बदलतो, आरोग्यसेविका बदलते. इथे बऱ्या होत असलेल्या मुलीची गोळी तिथे सासरी तुटते, कारण इकडची चिठ्ठी तिकडे कुणी वाचत नाही. दोन्ही राज्यांच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांनी नुसती एक सामाईक चिठ्ठी ठरवली तरी खूप होईल. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

आणि आता इंदूर. भंवरकुआंच्या गल्ल्यांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी चार-चार मुलं एका खोलीत राहतात. पहाटे स्वतः पोळ्या लाटतात, दिवसभर ग्रंथालयात बसतात. घरून कणीक येते, मिरची येते आणि फोन येतो, परीक्षा कधी? मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या २०१९च्या परीक्षेपासून आरक्षणाच्या वादात निकाल अडकत गेले, काही टक्के जागांचे निकाल रोखले गेले, मुलांची वर्षं गेली. डिसेंबर २०२४मध्ये थंडीत मुलं आयोगाच्या दारात बसली ती उगीच नव्हे. आदिवासी मुलाच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. तो गावातला पहिला पदवीधर असतो. परत जावं तर गुजरातच्या मजुरीची बस, राहावं तर भाडं. आडनाव ऐकून खोली नाकारली गेल्याचं मला एकाने सांगितलं, अगदी सपाट आवाजात. गावातल्या साथींनी आता इंदुरातल्या आपल्या मुलांची यादी केली आहे आणि रविवारी दोघे-तिघे खोल्यांवर जातात. सोबत मक्याच्या भाकऱ्या असतात. बोलणं बारेलीत होतं.

इंदूरच्या मराठी घरांना माझं थेट मागणं आहे, कारण खोल्या भाड्याने देणारी, खानावळी चालवणारी, शिकवणी घेणारी आपली माणसं या शहरात पुष्कळ आहेत. तुमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा दोन दिवस खाली उतरला नाही, जेवणाचा डबा तसाच परत आला, भाड्याचा विषय काढताच गप्प झाला, तर त्याला विचारा. मरणाचं बोलला तर घाबरू नका, एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत. तो खोलीच्या दारामागे लिहून ठेवा. आणि भिली, भिलाली किंवा बारेली बोलणारी एखादी मुलगी मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकायला इंदुरात आली असेल, तर तिच्या एका वर्षाच्या फीचा भार उचला. तिच्या भाषेत ऐकून घेणारी माणसं सातपुड्याला आज हवी आहेत, आणि ती माणसं शिकायला इंदूरलाच येतात.